कोयनेच्या खोऱ्यातला सेकंद

कोयनेचा मोठा भूकंप कोणत्या तारखेला झाला, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. पाटण तालुक्यात कुणालाही विचारा, उत्तर येईल ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे. जगातल्या भूकंपसूचींत मात्र तोच धक्का १० डिसेंबरच्या रात्री २२ वाजून ५१ मिनिटांनी नोंदलेला आहे. शास्त्रज्ञ साऱ्या पृथ्वीसाठी एकच जागतिक वेळ वापरतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. कोयनानगरच्या लोकांना या फरकाचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. त्या पहाटे गावातली बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. ऐन थंडीत लोक उघड्यावर आले. तालुक्याचे आमदार आणि राज्याचे मंत्री बाळासाहेब देसाई यांनी मदतकार्यात घेतलेल्या पुढाकाराची आठवण पाटण भागात अजून काढली जाते.

धक्क्याची तीव्रता ६.३ होती. धरणाच्या जलाशयामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपांत हा जगातला सर्वांत मोठा मानला जातो. या भूकंपाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. धरणाने तो आणला की नाही यावर तर पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले. तुलनेने दुर्लक्षित राहिलेली गोष्ट आहे ती खोऱ्यातल्या घड्याळांची. कोयनेच्या पोटात काय चालले आहे हे माणसाला जेवढे कळले, ते त्या त्या काळातल्या घड्याळाने जेवढे कळू दिले तेवढेच.

शिवसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि त्याबरोबरच परिसरातून तक्रारी येऊ लागल्या. जमिनीखालून गडगडल्यासारखा आवाज येतो, भांडी वाजतात, घर हलते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने या तक्रारी गांभीर्याने घेतल्या आणि धरणाभोवती भूकंपमापक बसवले. एस. के. गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हालचालींवर १९६६ मध्येच, म्हणजे मोठ्या भूकंपाच्या वर्षभर आधी, निबंध वाचला होता. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचच्या वरचा एक धक्काही बसून गेला. यंत्रे नव्हती किंवा कुणाचे लक्ष नव्हते, असे कोयनेबद्दल म्हणता येत नाही.

त्या काळातला भूकंपमापक म्हणजे एक लटकते वजन, एक प्रकाशकिरण किंवा लेखणी आणि सावकाश फिरणारा, कागद गुंडाळलेला ड्रम. जमीन हलली की कागदावरची सरळ रेषा थरथरे. पण ती थरथर कितीला झाली हे रेषेला ठाऊक नसते. त्यासाठी शेजारी एक घड्याळ असे. ते दर मिनिटाला एका विद्युतसंपर्काने रेषेला बारीकसा धक्का देई आणि कागदावर मिनिटांच्या खुणा उमटत. घड्याळ पुढे पळते की मागे पडते, हे पाहायला रेडिओवरचे कालसंकेत होते. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा १९५९ पासून ‘एटीए’ या संकेतनावाने ते प्रसारित करत होती. निरीक्षकाने टोला ऐकायचा, घड्याळाशी ताडून पाहायचे आणि फरक वहीत लिहायचा. मुंबईने आपली स्वतंत्र ‘बॉम्बे टाइम’ सोडून देशाची वेळ पूर्णपणे स्वीकारली ती १९५५ च्या सुमारास, असे मानतात. ज्या देशाच्या पहिल्या शहराला एकोणचाळीस मिनिटांचा फरक इतकी वर्षे खपला, तिथे एका धरणाच्या काठी सेकंदाच्या अंशासाठी धडपड चालू होती.

ही धडपड हौसेची नव्हती. भूकंपाच्या प्राथमिक लहरी खोल खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने धावतात. लहर एका केंद्रावर कधी पोचली आणि दुसऱ्यावर कधी, या फरकावरून भूकंपाची जागा काढली जाते. अज्ञात राशी चार: अक्षांश, रेखांश, खोली आणि खुद्द भूकंपाची वेळ. एका केंद्राचे घड्याळ एका सेकंदाने चुकले, तर त्या केंद्रापासूनचे अंतर सहा किलोमीटरने चुकते. कोयना-वारणा भागातला भूकंपप्रवण पट्टा आहेच मुळी सुमारे तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद, आणि बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवरचे. म्हणजे दोन-तीन सेकंदांचा घोळ झाला की भूकंप सह्याद्री उतरून चिपळूणकडे गेलेला दिसावा. यावर एक जुनी युक्ती होती. एकाच कागदावरच्या प्राथमिक आणि दुय्यम लहरींमधले सेकंद मोजायचे आणि त्यांना साधारण आठाने गुणायचे, की किलोमीटरमध्ये अंतर मिळते. दोन्ही लहरी एकाच घड्याळावर मोजल्या असल्याने त्याची चूक आपोआप वजा होते. पण मोठ्या धक्क्यात पहिल्या लहरीनंतर रेषा इतकी सैरभैर होते की दुसरी लहर कुठे सुरू झाली हे सांगणे कठीण जाते.

पुण्याला त्या वेळी आणखी एक चांगले यंत्र होते. अमेरिकेने अणुचाचण्यांवर नजर ठेवण्याच्या गरजेतून साठच्या दशकात जगभर शंभराहून अधिक एकसारखी भूकंपकेंद्रे उभारली, त्यांतली भारतातली केंद्रे पुणे, दिल्ली, शिलाँग आणि कोडाईकनाल येथे होती. त्यांची घड्याळे क्वार्ट्झ स्फटिकाची होती. अल्पमुदतीच्या लहरी टिपणाऱ्या ड्रमवर एक मिनिट म्हणजे साठ मिलिमीटर, अर्थात एक सेकंद म्हणजे एक मिलिमीटर. भिंगातून पाहणाऱ्या सरावलेल्या डोळ्याला सेकंदाचा दहावा भाग वाचता येई. त्यापुढे कागद साथ देत नसे. डिसेंबरच्या मुख्य धक्क्याचे केंद्र वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या जागी दाखवले आहे. पुढे डोणीचावाडा परिसरातल्या जमिनीवरच्या भेगांनी चित्र बरेच स्पष्ट केले, पण ते काम घड्याळाचे नव्हते.

त्या पहाटे सर्वांत मोलाची नोंद केली ती धरणाच्या आत, १-ए क्रमांकाच्या ब्लॉकमधल्या गॅलरीत ठेवलेल्या एका यंत्राने. हा होता तीव्र धक्के मोजणारा त्वरणलेखक. एरवी तो निजलेला असे. जमिनीची हालचाल ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की एक कळ मिटे, मोटर सुरू होई आणि कागद धावू लागे. त्याने नोंदवलेले कमाल त्वरण धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, आडवे ०.४९ पट आणि उभे ०.३४ पट भरले. इतक्या जवळून, इतक्या मोठ्या धरणाच्या आत मिळालेली अशी नोंद त्या काळी जगात दुर्मीळ होती. धरणावर भूकंपाचा परिणाम संगणकावर तपासणारे अभियंते आजही आपल्या गणिताची पहिली परीक्षा याच नोंदीवर घेतात. १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात तडे गेले, धरण मात्र उभे राहिले आणि नंतर त्याला मागून काँक्रीटचे आधार देण्यात आले. देशाच्या भूकंपक्षेत्रांच्या १९७० च्या सुधारित नकाशात कोयनेचा भाग चौथ्या क्षेत्रात गेला.

या यंत्राची एक मर्यादा होती. धक्क्यानेच जागे होत असल्याने धक्क्याची अगदी पहिली लहर त्याच्या हातून निसटे, आणि कागदावर सेकंद मोजलेले असले तरी ते घड्याळातले कितीचे सेकंद हे कळत नसे. तरीही कल्पना लक्षात घेण्याजोगी आहे. बाहेरच्या घटनेने यंत्राला हलवून उठवायचे, त्याने हातातले सोडून आधी ते काम करायचे. संगणकाच्या जगात याला इंटरप्ट म्हणतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत तिकडे या कल्पनेवर चंद्राची मोहीम उभी राहत होती.

अपोलो यानाच्या संगणकात वेळ मोजायचे काम प्रोग्रॅमवर सोपवलेले नव्हते. त्यात घड्याळाच्या ठोक्यांनी आपोआप वाढणारे स्वतंत्र गणक होते. त्यांतला एक दर शंभराव्या सेकंदाला एकाने वाढे. तो भरून वाहिला की चालू काम थांबे आणि ‘वेटलिस्ट’वरचे पुढचे काम ठरल्या क्षणी सुरू होई. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताना या संगणकाने ‘१२०२’ हा इशारा वारंवार दिला. दुसऱ्या यानाशी भेट घडवण्यासाठी असलेल्या रडारकडून येणाऱ्या निरर्थक विद्युतस्पंदांनी असेच दुसरे गणक विनाकारण हलत होते आणि त्यात संगणकाचा मोठा वेळ खर्ची पडत होता. कामे साचली. तेव्हा संगणकाने कमी महत्त्वाची कामे टाकून दिली, यान उतरवण्याची तेवढी चालू ठेवली. हॅल लॅनिंग यांनी रचलेल्या त्या व्यवस्थेत प्रत्येक कामाला अग्रक्रम होता, म्हणून यान उतरले.

चार वर्षांनी, १९७३ मध्ये, लिऊ आणि लेलँड या दोघांनी असल्या व्यवस्थेला गणिताचा पाया दिला. ज्याची पाळी लवकर लवकर येते त्या कामाला वरचा अग्रक्रम द्या. मग प्रोसेसरचा सुमारे ६९ टक्क्यांपर्यंतचा वेळ भरला तरी एकही काम मुदत चुकवणार नाही, असे त्यांनी सिद्ध केले. या विषयातला हा सर्वाधिक उल्लेखला जाणारा निबंध असावा. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली आहे: प्रत्येक काम ठरावीक अंतराने, अचूक वेळी हजर होते. ते अंतर कोण राखणार? त्यासाठी धातूचे, सिलिकॉनचे, प्रोग्रॅमच्या लहरीबाहेरचे घड्याळच लागते.

स्वस्त संगणक आले तेव्हा हा भाग फार हलक्याने घेतला गेला. १९८१ च्या आयबीएम पीसीत टायमरची स्वतंत्र चिप होती खरी. पण तिला मिळणारी गती अमेरिकी रंगीत टीव्हीच्या स्फटिकावरून भागाकार करून काढलेली होती. परिणामी पीसीचे घड्याळ सेकंदाला १८.२ वेळा टिकटिक करी. हिशेब लिहायला ते पुरेसे होते. भूकंप मोजायला नव्हते: दोन टिकांमधल्या पंचावन्न मिलिसेकंदांत लहर कोयनेच्या खडकातून तीनशे मीटरच्या वर पुढे गेलेली असते. याहून भयंकर धडा २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरानला मिळाला. पॅट्रियट क्षेपणास्त्र-प्रणाली वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होती, आणि एक दशांश हा आकडा तिच्या चोवीस बिटांत पुरता मावत नव्हता. शंभर तास सलग चालल्यावर चूक ०.३४ सेकंदावर गेली. समोरून येणारे स्कड तेवढ्या वेळात अर्धा किलोमीटर पुढे गेले आणि अठ्ठावीस सैनिक मारले गेले. टिकटिक चोख होती, तिचा गुणाकार चुकला.

इकडे खोऱ्यात दुसरे धरण आले. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात, चांदोलीजवळ वारणेचा जलाशय १९८५ पासून भरू लागला आणि १९९३ मध्ये तिकडचे धक्के एकदम वाढले. हालचालीचे केंद्र कोयनेकडून दक्षिणेला सरकत होते. आता एका धरणाभोवतीची चार यंत्रे पुरणार नव्हती. पाटण, शिराळा आणि पलीकडच्या कोकणापर्यंत पसरलेले, एकाच वेळेवर चालणारे जाळे हवे होते. रेडिओवरचे टोले ऐकून वहीत फरक लिहिण्याचा काळ संपला होता. त्या सुमारास जीपीएस सर्वांना वापरता येऊ लागले आणि भूकंपशास्त्राला हवे ते घड्याळ आकाशातून मिळाले.

जीपीएसचा उपयोग रस्ता शोधायला होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या उपग्रहांत मुळात अणुघड्याळे आहेत. भूकंपकेंद्राच्या छतावरचा छोटा अँटेना त्यांचे संकेत पकडतो आणि दर सेकंदाला एक तीक्ष्ण विद्युतस्पंद आतल्या नोंदयंत्राला देतो. नोंदयंत्रात स्वतःचा क्वार्ट्झ स्फटिक असतोच. साधा स्फटिक दहा लाखांत वीस भागांनी चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद वाहवतो. जीपीएसचा स्पंद त्याला दर सेकंदाला ताळ्यावर आणतो. त्या स्फटिकाच्या तालावर भूकंपमापकाचा संकेत सेकंदाला शंभर वेळा मोजला जातो आणि प्रत्येक गठ्ठ्यावर वेळ जागच्या जागी उमटते. प्रोसेसरला हे मोजणे करावे लागत नाही. त्याला फक्त इंटरप्ट येतो: माप तयार आहे, उचल.

हा बदल दिसायला लहान आहे, पण माझ्या मते संपूर्ण विषयाचे मर्म त्यात आहे. नोंदयंत्रात कामे दोन जातींची. मोजण्याचे काम दर दहा मिलिसेकंदांनी झालेच पाहिजे. ते एक मिलिसेकंद मागेपुढे झाले तर नोंद नासली. आकडे दाबून लहान करणे, साठवणे, उपग्रहामार्फत पाठवणे, अभियंत्याच्या प्रश्नांना उत्तर देणे ही कामे थोडी उशिरा झाली तरी चालतात. पहिले काम हार्डवेअरने उचलल्यावर दुसऱ्या जातीची कामे शेड्युलरने, म्हणजे कामांचा क्रम लावणाऱ्या प्रोग्रॅमने, हवी तशी लावावीत. पाठवायला वेळ लागला तरी बिघडत नाही, कारण टपालावर निघालेल्या गावचा शिक्का असावा तशी वेळ आधीच बसलेली असते. कोयनेत याला विशेष अर्थ आहे. कोयनानगरला पावसाळ्यात सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि अशा सरींत उपग्रह-दुवा क्षीण होणे नेहमीचे. हैदराबादच्या भूकंपशास्त्रज्ञांकडे माहिती उशिरा पोचली तरी भूकंपाची जागा त्यामुळे हलत नाही.

कामांचा क्रम लावण्यासाठीच खास चिप बनवावी, असाही एक प्रयत्न नव्वदच्या दशकात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात झाला. तो करणाऱ्यांत कृती रामामृतम होते. पुढे ते पवईच्या आयआयटीत आले. अशा चिपा बाजारात रुळल्या नाहीत. साधा, मुका टायमर आणि चांगला लिहिलेला शेड्युलर ही जोडी जिंकली. पण तीही आंधळेपणाने वापरायची नसते. १९९७ च्या उन्हाळ्यात मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा आपणहून नव्याने सुरू होत होते. एक महत्त्वाचे काम एका किरकोळ कामाने धरून ठेवलेल्या किल्लीसाठी अडून बसे, सेकंदाच्या आठव्या भागाचे आवर्तन पुरे होत नसे, आणि यान ‘काहीतरी बिघडले’ म्हणून सर्व बंद करून परत सुरू करी. पृथ्वीवरून एक बदल पाठवून ते निस्तरले.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने ऑगस्ट २००५ पासून कोयनेच्या डिजिटल केंद्रांची माहिती जवळपास तत्काळ आपल्याकडे आणायला सुरुवात केली. हर्ष गुप्ता आणि सहकाऱ्यांचा अंदाज असा होता की चारच्या आसपासच्या धक्क्याआधी लहान धक्के एका ठिकाणी आणि एका खोलीवर जमू लागतात. असे जमणे दिसायला जागा किलोमीटरच्या आत काढता आली पाहिजे, म्हणजे वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहून बारीक हवी. मे २००६ मधल्या ४.२ तीव्रतेच्या धक्क्याबाबत त्यांनी आधी दिलेला अंदाज बरोबर ठरला. लहान धक्क्यांवर अजमावलेल्या या पद्धतीला भूकंपाचे भाकीत म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी कागदी ड्रमवर हा प्रयोग सुरूच होऊ शकला नसता.

त्यानंतर शास्त्रज्ञ जमिनीत उतरले. रासाटीजवळ खोदलेल्या विवरात ९३२ मीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागला. काही विवरांत सुमारे दीड किलोमीटर खाली भूकंपमापक सोडले गेले, कारण वाऱ्याचा, वाहनांचा, ओढ्यांचा गोंगाट तिथे पोचत नाही. गोठणे येथील तीन किलोमीटरचे विवर २०१७ मध्ये पूर्ण झाले. या कामाचा कारभार कराडजवळ हजारमाचीला, पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या प्रयोगशाळेतून चालतो. यंत्र कितीही खोल गेले तरी घड्याळ वरच राहते. उपग्रहाचा संकेत खडकातून जात नाही. खालचा आवाज केबलने वर येतो तेव्हा त्याच्यावर वेळ बसते.

आकाशातले घड्याळही पूर्णपणे निश्चिंत करणारे नाही. जीपीएस आठवडे मोजते आणि जुन्या पद्धतीत १०२४ आठवडे झाले की गणती शून्यावर जाते. ६ एप्रिल २०१९ च्या अशा पालटात जगातल्या अनेक जुन्या उपकरणांनी वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवली. जीपीएसची वेळ २०१७ पासून जागतिक वेळेच्या अठरा सेकंद पुढेही आहे, कारण ती लीप सेकंद धरत नाही. भूकंपात अठरा सेकंद म्हणजे शंभर किलोमीटर. म्हणून नोंदयंत्र उपग्रहाशी शेवटचा मेळ कधी बसला हे स्वतःच लिहून ठेवते, आणि जाणता विश्लेषक आधी ती ओळ वाचतो.

सातारा-सांगलीच्या वाचकाला धक्क्याच्या बातमीची ठरीव वाक्यरचना पाठ असते: रिश्टर स्केलवर इतकी तीव्रता, केंद्र हेळवाक किंवा गोषटवाडीपासून अमुक दिशेला इतके किलोमीटर, खोली इतकी. दुसऱ्या दिवशी एखादी संस्था थोडा निराळा आकडा देते आणि चावडीवर शंका निघते की हे लोक काहीतरी लपवतात. लपवण्यासारखे त्यात सहसा काही नसते. पहिला आकडा संगणकाने हाती आलेल्या मोजक्या केंद्रांवरून मिनिटांत काढलेला असतो. नंतरचा, सर्व केंद्रांच्या वेळा माणसाने तपासून. दोन्ही आकडे आले तर नंतरचा जपून ठेवावा आणि पहिल्यावरून कुणाच्या गावाला घाबरवू नये.